कोलोनची रात्र कोणाच्या पैशावर चालते?

कोलोनमधल्या ब्राउहाउसमध्ये, म्हणजे बिअरच्या कारखानदारांनी चालवलेल्या जुन्या भोजनगृहात, जागा मिळाली की काय प्यायचं याचा विचार करावा लागत नाही. निळं जाकीट घातलेला, कमरेला लांब एप्रन बांधलेला वेटर येतो, तुमच्याकडे धड न बघता एक पेला समोर ठेवतो, पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो आणि पुढच्या टेबलाकडे वळतो. या वेटरला तिथे क्योबेस म्हणतात. त्याच्या हातातल्या गोल ट्रेला मधोमध उभी मूठ असते आणि कडेच्या खाचांत दहा-बारा पेले बसवलेले असतात. तुमचा पेला संपत आला की न विचारता दुसरा येतो, चकतीवर दुसरी रेघ पडते. ‘आता पुरे’ असं तोंडाने सांगून भागत नाही. चकती उचलायची आणि पेल्यावर झाकणासारखी ठेवायची. तोवर पेले येतच राहतात, आणि उठताना रेघा मोजून हिशेब होतो.

क्योबेस उर्मट असतो, आणि त्याने उर्मट असावं अशीच गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. पाणी मागितलं तर ‘साबण आणि टॉवेलही आणू का?’ हे ठरलेलं उत्तर. जुन्या पुणेरी दुकानदाराच्या तुसडेपणाचं पुण्याला जसं छुपं कौतुक आहे, तसंच हे. फरक एवढाच, की क्योबेस दुपारी एक ते चार झोपत नाही. शाकाहारी पाहुण्यांसाठी इथे एक हमखास सोय आहे: हाल्वर हान नावाचा पदार्थ. नावात कोंबडा असला तरी ताटलीत येतो तो राय धान्याचा पाव, गौडा चीजचा जाड तुकडा, मोहरीची चटणी आणि कांदा. चिकन मिळेल म्हणून मागवणाऱ्या पर्यटकाचा पडलेला चेहरा बघणं हा क्योबेसच्या आवडीच्या करमणुकींपैकी एक.

पहिल्यांदा जाणाऱ्याला हे सगळं मजेशीर वाटतं. पण जरा नीट पाहिलं तर कळतं की इथे गिऱ्हाइकाला निवडायला फारसं काही ठेवलेलंच नाही. बिअर एकाच प्रकारची, तीही एकाच कंपनीची. जर्मनीतल्या बहुतेक छोट्या पबची, ज्यांना क्नाइपे म्हणतात, गत अशीच असते. ब्रुअरी मालकाला कर्ज देते, काउंटर-खुर्च्या-फलक देते, बऱ्याचदा जागाही तिचीच असते, आणि बदल्यात मालकाने वर्षानुवर्षं तिचीच बिअर विकायची असा करार असतो. कोलोनमध्ये दारावरची पाटी वाचली की आत काय मिळणार हे कळतं. या शहराच्या रात्रीमागच्या दोन तिजोऱ्यांपैकी ही पहिली. दुसरी तिजोरी रेडिओची, पण तिच्याकडे नंतर वळू.

आधी ती बिअर. तिचं नाव क्योल्श. रंगाने फिकट पिवळी, गाळून स्वच्छ केलेली, अल्कोहोल ५ टक्क्यांच्या जरा खाली. बनवण्याची रीत मात्र थोडी आडवळणाची आहे. जर्मनीत सर्वाधिक खपणाऱ्या पिल्स बिअरचं यीस्ट थंडीत काम करतं आणि शेवटी तळाशी बसतं. क्योल्शचं यीस्ट थोड्या ऊबेत, वरच्या बाजूला फसफसतं. नंतर ती बिअर पिल्ससारखीच थंडीत मुरवतात. त्यामुळे तिला किंचित फळासारखा वास येतो, पण चव हलकी राहते. तिचा फेस लवकर बसतो आणि उघड्यावर ती लवकर शिळी लागते. म्हणूनच पेला लहान, बारीक आणि उंच. म्युनिकच्या लिटरभर मगात क्योल्श ओतली तर निम्म्यावर येईपर्यंत तिची रया गेलेली असेल. पारंपरिक ब्राउहाउसमध्ये ती पंपाने न खेचता लाकडी पिंपाला तोटी ठोकून नुसत्या उताराने पेल्यात सोडतात. १८८३ साली सुरू झालेल्या पेफगेनमध्ये ही रीत अजून बघायला मिळते.

परंपरा म्हटली की ती हजार वर्षांची असावी असं आपल्याला उगीचच वाटतं. कोलोनमध्ये बिअर मध्ययुगापासून बनते आहे हे खरं, पण ‘क्योल्श’ हे नाव बिअरच्या प्रकाराला चिकटलं ते विसाव्या शतकाच्या सुरुवातीला. शहरातल्या बहुतेकांची ती रोजची बिअर झाली ती तर दुसऱ्या महायुद्धानंतर. मे १९४२च्या अखेरीस ब्रिटनने एका रात्रीत हजार बॉम्बर विमानं या शहरावर पाठवली. युद्ध संपलं तेव्हा शहराचा मधला भाग जवळजवळ सपाट झाला होता. पुढे नव्याने घडी बसवताना कोलोनकरांनी आपलं म्हणून जे जे घट्ट धरलं, त्यात ही बिअर होती. १९८६ साली २४ ब्रुअऱ्यांनी एकत्र येऊन लेखी करारच केला: क्योल्श कशी असावी, कुठे बनावी, कोणत्या आकाराच्या पेल्यात द्यावी. १९९७ साली युरोपीय संघाने तिला भौगोलिक संरक्षण दिलं. त्या २४ पैकी बऱ्याच ब्रुअऱ्या आता नावापुरत्या उरल्या आहेत. वेगवेगळी लेबलं एकाच कारखान्यातून बाहेर पडतात. चवीवरून आपली क्योल्श ओळखण्याच्या पैजा मात्र अजून लागतात.

लहान पेल्याचा आणखी एक परिणाम असा, की फेरी सतत चालू राहते. कोणी ना कोणी पेला संपवत असतं, क्योबेस येत असतो, ‘याला पण एक’ म्हणणं स्वस्तात पडतं. लांब बाकांवर अनोळखी माणसं खेटून बसलेली असतात. या वातावरणातून जन्मलेली गाणी हा कोलोनच्या रात्रीचा खरा गाभा आहे असं मला वाटतं, आणि बाहेरच्यांना तो सगळ्यात उशिरा दिसतो.

१९७० साली बीट संगीत वाजवणाऱ्या काही तरुणांनी ब्लॅक फ्योस नावाचा बँड काढला आणि अनवाणी पायांनी मंचावर उभं राहून कोलोनच्या बोलीत गायला सुरुवात केली. कार्निव्हलच्या गाण्यांवर तोवर ब्रास बँडचा आणि टोप्या-पदकं मिरवणाऱ्या मंडळांचा ताबा होता. लांब केसांची, गिटार घेतलेली ही पोरं त्या मंडळांना सुरुवातीला सोसवेनात. पण १९७१च्या त्यांच्या एका गाण्याने शहर जिंकलं. पबच्या दाराबाहेर एक म्हातारा उभा आहे, खिशात पैसे नाहीत, आत जाऊ की नको असं करतो आहे, आणि आतला कोणीतरी त्याला ये, आमच्याबरोबर एक घे म्हणून बोलावतो. एवढंच कथानक. आज पन्नासहून अधिक वर्षं झाली तरी कोलोनमध्ये ते गाणं सुरू झालं की अख्खी खोली गाते, आणि ज्याला शब्द येत नाहीत त्याच्या खांद्यावर शेजाऱ्याचा हात पडतो. पुढे ह्योनर हा बँड आला, वोल्फगांग निडेकेन यांच्या ‘बाप’ या बँडने याच बोलीत रॉक करून सगळ्या जर्मनीत रेकॉर्ड खपवल्या, नंतर ब्रिंग्स, २०११ पासून कासाला. घरात मुलांशी ही बोली बोलणारे कमी कमी होत गेले. विशीतल्या कोलोनकराला ती येते ती बहुतेक गाण्यांपुरतीच.

दरवर्षी नवीन गाणी येतात, मग ती सगळ्या शहराला पाठ कशी होतात? त्याची एक व्यवस्था आहे. ११ नोव्हेंबरला सकाळी ११ वाजून ११ मिनिटांनी कार्निव्हलचा हंगाम सुरू होतो आणि साधारण फेब्रुवारीत, लेंट हा ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होण्याआधीच्या सहा दिवसांत, तो टिपेला पोचतो. मधल्या जानेवारीत ‘लोस मेर झिंगे’ नावाचा उपक्रम पबापबांतून फिरतो. दारात गाण्यांचे छापील कागद वाटतात, त्या वर्षीची नवीन गाणी एकेक करून लावतात, लोक कागदात डोकं घालून चाचपडत पहिलं कडवं म्हणतात, दुसऱ्यापर्यंत चाल पकडतात, तिसऱ्याला कागद हवेत. शेवटी मतदान होतं. ज्या गाण्यावर पब उसळतो ते त्या वर्षी रस्त्यावर वाजणार, हे बँडच्या लोकांनाही तिथेच कळतं. स्टुडिओत लाखो खर्चून बनवलेलं गाणं एखाद्या क्नाइपेतल्या घामट गर्दीने नापास करावं, ही पद्धत मला फार आवडते.

बँडसाठी हा हंगाम म्हणजे वर्षाची कमाई. एकाच संध्याकाळी पाच-सहा सभागृहं, प्रत्येक ठिकाणी अर्ध्या तासाच्या आत काम उरकायचं, मागच्या दाराने बसमध्ये आणि पुढच्या सभागृहाकडे. घसा बसला तर वर्ष बसलं.

या गाण्यांना भाबडी समजण्याची चूक बाहेरचे करतात. १९९१-९२ मध्ये हॉयर्सव्हेर्डा आणि रोस्टॉक इथे स्थलांतरितांच्या घरांवर जमावाने हल्ले केले, तेव्हा ९ नोव्हेंबर १९९२ रोजी, म्हणजे १९३८ साली ज्यूंची दुकानं आणि प्रार्थनास्थळं फोडली गेली त्याच तारखेला, कोलोनच्या दक्षिण भागातल्या क्लोडविगप्लात्सवर हेच बँड एकत्र आले. बाप, ब्लॅक फ्योस, ह्योनर, सगळे एका मंचावर. सुमारे १ लाख लोक चौकात आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत उभे होते. सगळं कोलोनच्या बोलीत. एरवी पिऊन गाण्याची म्हणून हिणवली जाणारी बोली त्या दिवशी वंशद्वेषाविरुद्धच्या सभेची भाषा झाली.

आता दुसरी तिजोरी. जर्मनीतल्या सार्वजनिक प्रसारणसंस्थांमधली सर्वात मोठी, डब्ल्यूडीआर, कोलोनमध्ये आहे. तिचा खर्च सरकारी तिजोरीतून चालत नाही. प्रत्येक घराने दरमहा भरायच्या शुल्कातून चालतो. २०२१ पासून हे शुल्क महिना १८.३६ युरो आहे. या पैशावर वाद्यवृंद पोसले जातात, पगारी जाझ बिग बँड पोसला जातो, संगीतकारांना नवीन रचनांचं काम मिळतं. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला याच रेडिओच्या इमारतीत इलेक्ट्रॉनिक संगीताचा स्टुडिओ उभा राहिला. तिथे कार्लहाइन्झ श्टॉकहाउझेन यांनी टेपचे तुकडे कापून-जोडून, एका मुलाचा आवाज आणि यंत्राचे स्वर एकजीव करून केलेली रचना १९५६ साली लोकांना ऐकवली. त्यांचे दोन विद्यार्थी, होल्गर त्सुकाई आणि इर्मिन श्मिट, यांनी १९६८ मध्ये एक जाझ ड्रमर आणि एक तरुण गिटारवादक यांना घेऊन कॅन हा बँड काढला. तासन् तास एकच ताल धरून वाजवणाऱ्या या मंडळींचं एक गाणं डब्ल्यूडीआरच्याच दूरचित्रवाणीवरील रहस्यमालिकेचं शीर्षकगीत झालं आणि १९७२ मध्ये जर्मनीच्या लोकप्रिय यादीत सहाव्या क्रमांकावर चढलं. रेडिओचा पैसा असा वाकड्या वाटेने पबच्या ज्यूकबॉक्सपर्यंत पोचला.

१९५८ पासून कोलोनच्या संगीत महाविद्यालयात जाझचं रीतसर शिक्षण सुरू झालं. त्या काळी युरोपात हे फार क्वचित कुठे शिकवलं जाई. शिकणारी मुलं शहरात, पोट भरायला रेडिओ, आणि संध्याकाळी वाजवायला तळघरं. १९७८ मध्ये जाझ वादकांनी स्वतःची संस्था काढली आणि १९८६ मध्ये बेल्जियन वस्ती नावाच्या भागाजवळच्या श्टाटगार्टन या बागेतल्या इमारतीत स्वतःचं सभागृह मिळवलं. बाहेर झाडांखाली बिअर, आत संगीत. ते आजही जोरात चालू आहे आणि शहर आणि राज्य दोघंही त्याला पैसा देतात. इथे मात्र कोणी बरोबर गात नाही. सॅक्सोफोन चालू असताना पेला जरा जोरात ठेवला तरी शेजारचा वळून बघतो.

कोलोनची सर्वात प्रसिद्ध संगीतरात्र याच बाजूची. २४ जानेवारी १९७५, शहराचं ऑपेरागृह, वेळ रात्री साडेअकराची. कारण त्याआधी त्याच मंचावर ऑपेराचा प्रयोग होता. अमेरिकन पियानोवादक कीथ जॅरेट एकटे वाजवणार होते, ठरवलेली रचना कोणतीही नाही, सुचेल ते. कार्यक्रम भरवला होता १८ वर्षांच्या वेरा ब्रांडेस यांनी. जॅरेट पाठदुखीने हैराण, आदल्या रात्रीची झोप नाही. मंचावर बघतात तर मागितलेल्या मोठ्या ब्योझेनडॉर्फर पियानोच्या जागी सरावाचा लहान पियानो. वरच्या पट्ट्या कर्कश, खालच्या दुबळ्या, पेडल नीट चालेना. त्यांनी नकार दिला. बाहेर पाऊस, मोठा पियानो तशा हवेत हलवणं अशक्य, तिकिटं सगळी संपलेली. वेरा ब्रांडेस यांनी गळ घातली, पियानो जुळवणाऱ्याने शक्य तेवढं केलं, आणि जॅरेट बसले. वाद्याचे दोन्ही टोकांचे स्वर वापरण्याजोगे नव्हते म्हणून ते मधल्याच पट्ट्यांत राहिले, डाव्या हाताने एकच आकृती पुन्हा पुन्हा फिरवत, आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा म्हणून जोर लावत. ध्वनिमुद्रण झालं ते ‘द कोलोन कॉन्सर्ट’ या नावाने निघालं आणि एकट्या पियानोच्या सर्वाधिक खपलेल्या ध्वनिमुद्रिकांपैकी एक ठरलं; प्रती काही दशलक्षांत गेल्या. २०२५ मध्ये त्या रात्रीमागच्या धडपडीवर एक चित्रपटही आला. ऑपेरागृहाची इमारत मात्र २०१२ पासून दुरुस्तीसाठी बंद झाली, तीन वर्षांत उघडायची होती, आणि तारखा पुढे पुढे जात राहिल्या. जर्मन माणूस वेळेचा पक्का, हे वाक्य कोलोनकरांसमोर उच्चारू नये.

नव्वदच्या दशकात कोलोनला जर्मन पॉपची राजधानी व्हायचं होतं. व्हिवा ही संगीतवाहिनी १९९३ मध्ये इथे सुरू झाली, पॉपकॉम हा उद्योगमेळा इथे भरायचा. २००४ मध्ये तो मेळा बर्लिनला गेला, वाहिनीही नंतर गेली, आणि शहराने सीओ पॉप नावाचा स्वतःचा महोत्सव काढून दुःख गिळलं. टिकून राहिलं ते लहान प्रमाणावरचं: बेल्जियन वस्तीतल्या रेकॉर्डच्या दुकानातून वाढलेलं कॉम्पाक्ट हे टेक्नोचं लेबल, लक्झेम्बुर्गर रस्त्यावरचे लुक्सॉर आणि ब्लू शेल हे क्लब, ऱ्हाइनपलीकडे जुन्या कारखान्यात १९९६ पासून चालणारं गेबॉयडे ९.

एरेनफेल्ड या जुन्या कामगारवस्तीत रेल्वेच्या कमानींखाली आणि बंद कारखान्यांच्या शेडमध्ये क्लब उभे राहिले. तिथल्या स्टेशनाजवळच्या एका गल्लीला बार्थोलोमेउस शिंक या मुलाचं नाव आहे. हिटलरच्या युवासंघटनेला नकार देऊन, बंदी असलेली गाणी गात भटकणाऱ्या एडेलवाइस पायरेट्स या पोरांपैकी तो एक. १० नोव्हेंबर १९४४ रोजी गेस्टापोने तिथेच १३ जणांना भर रस्त्यात फाशी दिलं. शिंक १६ वर्षांचा होता. त्यांची आठवण म्हणून कमानींवर चित्रं रंगवली आहेत, आणि शनिवारी रात्री त्याच चित्रांसमोर क्लबच्या रांगा लागतात.

अशा वस्त्यांचं पुढे काय होतं हे आपल्याला गिरणगावावरून ठाऊक आहे. क्लबमुळे भाग नावारूपाला येतो, मग भाडी वाढतात, मग नव्या इमारती, आणि नव्या इमारतीतल्या रहिवाशाला रात्री झोप हवी असते. एरेनफेल्डमधला अंडरग्राउंड हा जुना रॉक क्लब २०१७ मध्ये बंद झाला आणि त्याची जागा नव्या बांधकामासाठी मोकळी केली गेली. जर्मन बांधकाम नियमांत क्लबची गणना वर्षानुवर्षं जुगारघरं आणि वेश्यागृहांबरोबर होत होती, त्यामुळे निवासी भागात त्यांना हुसकावणं सोपं जाई. मे २०२१ मध्ये जर्मन संसदेने ठराव करून संगीताचे क्लब ही सांस्कृतिक ठिकाणं मानावीत असं सांगितलं.

गोंगाटाची तक्रार मात्र क्लबच्या आतल्या स्पीकरपेक्षा फूटपाथवरच्या माणसांबद्दलच जास्त असते, आणि तिथे दोन नियम एकमेकांच्या पायांत येतात. कोलोन ज्या राज्यात आहे तिथे पब पहाटे ५ पर्यंत उघडे ठेवता येतात. ५ ते ६ हा तास कागदोपत्री झाडलोटीचा. रात्री १० ते सकाळी ६ ही शांततेची वेळ मानली जाते. मे २०१३ पासून पबमध्ये धूम्रपानाला पूर्ण बंदी आली आणि आतले लोक सिगारेट घेऊन खिडक्यांखाली येऊन उभे राहिले. त्यात रस्त्यावर बिअर पिण्याला जर्मनीत एरवी बंदी नाही, आणि कोपऱ्याकोपऱ्यावर रात्री उशिरापर्यंत उघड्या टपऱ्या आहेत, जिथे अर्ध्या लिटरची बाटली पबमधल्या एका लहान पेल्याच्या भावात मिळते.

बेल्जियन वस्तीतला ब्र्युसेलर प्लात्स हे याचं टोक. मधोमध चर्च, भोवती पाच-सहा मजली घरं, आणि उन्हाळ्यात रात्री शेकडो तरुण पायऱ्यांवर बाटल्या घेऊन बसलेले. ना बँड, ना स्पीकर. नुसतं बोलणं, पण चारही बाजूंच्या भिंतींवर आपटून ते घुमतं. रहिवासी वर्षानुवर्षं कोर्टात झगडले. २०२३ मध्ये म्युन्स्टरच्या उच्च प्रशासकीय न्यायालयाने शहराने त्यांच्या झोपेचं रक्षण केलंच पाहिजे असा निकाल दिला, आणि २०२५ मध्ये पालिकेने चौकात रात्री दारू पिण्यावर बंदी घातली. पबवाल्यांपैकी काहींना ही बंदी मनातून आवडली असणार, कारण टपरीवरचं गिऱ्हाईक त्यांच्याकडे वळेल. तरुणांचं म्हणणं असं, की पबमधली बिअर परवडत असती तर ते पायऱ्यांवर बसलेच नसते. ज्यांच्यामागे ना ब्रुअरी ना रेडिओ, अशी रात्र कोलोनमध्ये तेवढीच होती.